सदा

सोहारच्या तपासणी केंद्रात खमीसने
गाडी वर उचलली आणि पोटाखाली झोत फिरवला.
चौदा वर्षांची टिडा. माझ्या नावावर चौथा महिना.
त्याने पेचकस टेकवला, नुसता टेकवला,
तो मुठीपर्यंत आत गेला.
‘सदा,’ तो म्हणाला.
मग चाकाच्या कमानीकडे बोट, ‘सदा.’
मागच्या दाराखाली, ‘सदा, सदा.’

मला वाटलं, ह्याला मराठी कुठून?
अरबीत गंजाला सदा म्हणतात
हे काउंटरवर कळलं, नापासाचा कागद घेताना.
मुल्कियाची मुदत संपायला अकरा दिवस.

घेतली तेव्हा मोत्यासारखी दिसत होती.
बंदरावर क्रेन चालवणारा रेजी
कायमचा गावी निघाला होता.
घाई त्याला होती, मलाही होती.
मी टायर पाहिले, एसी पाहिला,
आरशाला बांधलेला बाळाचा बूट पाहिला
आणि पैसे दिले.

खिशात चुंबक न्यायला हवं होतं.
नियाज डेंटर सांगतो, चुंबक घसरलं
की तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे.
पुट्टीवर रंग, रंगावर पॉलिश,
‘और पॉलिश में आपका मुँह दिखता है, मॅडम,
इसलिए आप खुश.’

पुलगावला आईला फोनवर म्हटलं, गंज लागला.
आमच्याकडे गंज म्हणजे दूध तापवायचं भांडं.
‘लागला? कितीक येळ ठेवला व गॅसवर?
चिंच लाव अन् रातभर राहू दे,
सकायी राखेनं घास. निंघते.’
मी दुरुस्त केलं नाही.
नियाजने दिलेल्या बाटलीतही आम्लच होतं,
चिंचेचं थोरलं भावंड,
वर कवटीचं चित्र.

शुक्रवारी गालिचा उचलला.
खाली एसीचं साचलेलं पाणी, मूठभर वाळू,
अर्धा हिरवा खडू,
आणि ड्रायव्हरच्या टाचेखाली
तळहाताएवढी जागा, जिथं काहीच नव्हतं.
थेट जमीन दिसत होती.
एक मुंगी स्वतःच्या कामाला चालली होती.

चार महिने मी त्या भोकावर पाय ठेवून
ड्यूटीला गेले, आले,
एकदा तर मस्कतलाही जाऊन आले, गाणी ऐकत.

मी दाताच्या दवाखान्यात असते.
किडीचा नियम मला पाठ आहे.
काळं तेवढंच खरवडून थांबलात तर फसलात.
चांगल्यापर्यंत जायचं,
चांगल्यातलंही थोडं घालवायचं,
मगच भरायचं.
थोडंच राहिलं, असं मी रोज दुसऱ्यांना सांगते.
ते किती खोटं असतं
ते त्या दिवशी हातात तारेचा ब्रश आल्यावर समजलं.

तळ नियाजने कापला,
मेलेल्या दुसऱ्या टिडाचा तुकडा जोडला.
माझ्या पांढऱ्या गाडीच्या पोटात आता
एक निळा चौकोन आहे, मला आणि त्यालाच ठाऊक.
दारांचे उंबरे मात्र मी घासले.
ऐंशी नंबरचा पेपर, खजुराची सावली,
सावली सरकली की मीही बूड सरकवायची.
नाकात तांबडी भुकटी,
थुंकले तर जिभेवर रक्ताची चव, रक्त नसताना.
आम्ल लावलं तसा तपकिरी रंग काळवंडत गेला,
जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा झाला,
आणि थांबला.

रात्री समुद्राकडून वारा येतो
आणि पहाटे साऱ्या गाड्यांच्या काचा
रडून उठल्यासारख्या असतात.
खारं दव. मी बाहीने टप पुसते.
ह्याचा काही उपयोग नाही, नियाज म्हणतो.
मी पुसते.

दुसऱ्या खेपेला खमीसने पेचकस टेकवला.
टण्.
पुन्हा एकदा, मुद्दाम जोरात. टण्.
शिक्का मारला, कागद दिला,
आणि काही न बोलता पूर्वेकडे हात केला,
जिकडे, दोन रस्ते आणि एक मशीद ओलांडून,
पाणी होतं.

‘निंघाला का व गंज?’ रात्री आईने विचारलं.
‘निघाला.’
‘पुन्हा लागते तो. ध्यान ठेवजो.’